ईदीच्या पैशातून इग्वाना घेण्याआधी हे वाचा

ईद झाली की पोरांच्या खिशात ईदी खुळखुळते आणि ती कशावर उडवायची याचे बेत सुरू होतात. पूर्वी पतंग, बॅट, फार तर लव्हबर्ड्सची जोडी एवढंच असायचं. आता मोबाईलवर व्हिडिओ बघून पोरं इग्वाना मागतात. हिरवागार, खांद्यावर शांत बसणारा, 'छोटा डायनासोर'. गेल्या काही महिन्यांत आमच्या ओळखीतल्या तीन घरांतून एकच विचारणा आली, घेऊ का? तिन्ही वेळा आम्ही नको म्हणालो. पण नुसतं नको म्हटलं तर पोरं ऐकत नाहीत, म्हणून कारणं नीट मांडतो.

ही कारणं आम्हाला पुस्तकातून नंतर कळली. आधी ती आमच्या बहिणीच्या घरात कळली.

भाचा तेव्हा नववीत. त्याने आणि चार मावस-चुलत भावंडांनी ईदी एकत्र केली आणि शहरातल्या एका दुकानातून इग्वानाचं पिल्लू आणलं. शेपटीसकट वीतभर लांब. दुकानदाराने एक काचेची पेटी दिली, वर एक साधा पिवळा बल्ब लावून दिला आणि सांगितलं, "पालक, काकडी, गाजर टाका. मधूनमधून उकडलेलं अंडं. काही त्रास नाही." पोरांनी त्याचं नाव शेरू ठेवलं. नानीने एकदा नाक मुरडलं, मग तीच त्याच्यासाठी पालक निवडून ठेवायला लागली. चौदा महिन्यांनी शेरू गेला. त्या चौदा महिन्यांत एकही दिवस त्याला कुणी उपाशी ठेवलं नाही, कुणी मारलं नाही. तरीही तो आमच्या हातून मेला, हे आम्हाला डॉक्टरांनी एक्स-रे दाखवून समजावलं.

इग्वाना म्हणजे नेमका कोण

आधी एक गोंधळ दूर करू. मराठीत काही जण इग्वानाला सरळ 'परदेशी घोरपड' म्हणतात. इग्वाना घोरपड नाही. घोरपड आपल्या मातीतली, मांस खाणारी, सापासारखी दुभंगलेली जीभ बाहेर काढणारी. दुकानात विकला जातो तो हिरवा इग्वाना मध्य आणि दक्षिण अमेरिकेतल्या दमट जंगलांतला. नदीकाठच्या झाडांवर राहणारा, पानं खाणारा. त्याच्या पाठीवर काट्यांची रांग असते, गळ्याखाली लोंबती झालर असते आणि कानाच्या पडद्याखाली एक मोठा गोल खवला असतो. या खुणा घोरपडीला नाहीत. हा फरक आणखी एका कारणाने महत्त्वाचा आहे. घोरपड पाळणं आपल्याकडे गुन्हा आहे, त्याबद्दल पुढे सांगतोच.

वीतभर पिल्लू बघून कुणालाही वाटतं की हे एवढंच राहणार, फार तर दुप्पट होईल. चांगलं खाणं मिळालं तर तिसऱ्या वर्षापर्यंत ते शेपटीसकट एक मीटरच्या पुढे जातं. पूर्ण वाढलेला नर दीड मीटर, कधी त्याहूनही लांब होतो आणि वजन चार-पाच किलोवर जातं. नीट सांभाळला तर तो पंधरा वर्षं, क्वचित वीस वर्षंही जगतो. म्हणजे नववीतल्या पोराने आणलेला इग्वाना त्याचं कॉलेज, नोकरी, निकाह, कदाचित पहिलं मूल होईपर्यंत घरात असणार. पोरगं कमवायला दुबईला किंवा बेंगळुरूला गेलं की मागे राहणाऱ्या अम्मीला कुणी विचारलंय का?

जागेचं म्हणाल तर मोठ्या इग्वानाला किमान सहा फूट उंच, सहा फूट लांब आणि तीन फूट खोल पिंजरा लागतो. उंची सर्वांत महत्त्वाची, कारण हा झाडावरचा प्राणी आहे. जमिनीवर ठेवला की त्याला सतत असुरक्षित वाटतं. सहा फूट बाय तीन फूट म्हणजे एका माणसाची झोपायची जागा. मुंब्रा, कुर्ला, भिवंडी, मालेगाव इथल्या आपल्या घरांत ती जागा कुठून आणायची? आमच्या बहिणीच्या घरी शेरूची पेटी शिलाई मशीनच्या शेजारी होती. तो मोठा झाला असता तर मशीन बाहेर गेली असती.

खिडकीतलं ऊन आणि अंगणातलं ऊन

आता मूळ मुद्दा. शेरू का मेला?

इग्वानाच्या कातडीवर सूर्याचा अतिनील प्रकाश पडला की शरीरात ड जीवनसत्त्व तयार होतं. ते असेल तरच पोटातलं कॅल्शियम रक्तात शोषलं जातं. या प्रकाशातला जो भाग लागतो त्याला यूव्हीबी म्हणतात. तो नसेल तर कितीही कॅल्शियम खाऊ घाला, ते शरीरात जात नाही. पण स्नायू आणि हृदय चालायला रक्तात कॅल्शियम लागतंच. मग शरीर ते हाडांतून उपसायला लागतं. वाढत्या वयाचं पिल्लू असेल तर हाडं झपाट्याने मऊ होतात.

आम्ही सगळे म्हणायचो, पेटी खिडकीजवळ आहे, सकाळी दोन तास ऊन येतं, अजून काय हवं? इथेच चूक झाली. खिडकीची साधी काच यूव्हीबी जवळजवळ सगळा अडवते. ऊन दिसतं, ऊब लागते, पण जे हवं तेच आत येत नाही. वर शेरूची स्वतःची पेटीही काचेची होती. दुकानदाराने दिलेला पिवळा बल्ब फक्त गरम करायचा. यूव्हीबी देणारी ट्यूब वेगळी मिळते, आणि तीही सहा महिने ते वर्षभरात निकामी होते. गंमत अशी की प्रकाश दिसत राहतो, त्यामुळे ट्यूब चालू आहे असंच वाटतं.

लक्षणं आली तेव्हा आम्हाला ती लक्षणं वाटलीच नाहीत. आठव्या-नवव्या महिन्यात शेरूच्या मागच्या मांड्या चांगल्या भरलेल्या दिसायला लागल्या. भाच्याने अभिमानाने फोटो काढले. तो फुगवटा मांसाचा नव्हता. हाड कमजोर झालं की शरीर त्याभोवती तंतूंचा थर चढवतं, तो होता. मग बोटं मधूनच थरथरायला लागली. मग तो चढायचा बंद झाला, पोट घासत सरकू लागला. "मामू, तो आता खूप शांत झालाय, हातावर बसतो, पळत नाही," असं भाचा आनंदाने सांगायचा. शेवटी खालचा जबडा रबरासारखा मऊ लागला तेव्हा आम्ही घाबरलो.

सरपटणारे प्राणी बघणारे डॉक्टर शोधायलाच दहा दिवस गेले. गल्लीतले डॉक्टर म्हणाले, मी कुत्री, मांजरं, बकऱ्या बघतो, याचं मला माहीत नाही. प्रामाणिक माणूस. महाराष्ट्रात असे डॉक्टर मुंबई-पुण्यासारख्या शहरांत मिळतात आणि तिथेही मोजकेच. तालुक्याच्या गावी असाल तर तुम्हाला कुणीच नाही. एक्स-रेमध्ये शेरूची हाडं इतकी फिकट होती की आजूबाजूच्या मांसापासून ती वेगळी ओळखूच येत नव्हती. कॅल्शियमची औषधं, उन्हात बसवणं, सगळं केलं. उशीर झाला होता.

पालक का नाही

खाण्याचीही तीच गत. पालकात ऑक्झलेट भरपूर असतं आणि ते कॅल्शियमला धरून ठेवतं, म्हणजे ते शरीरात शोषलं जात नाही. अळूचंही तसंच. काकडी आणि सॅलडचा पाला म्हणजे बहुतेक पाणी. अंडं, चिकन, मांजराचं खाणं हे तर याच्या पोटाचं नव्हेच. रानात इग्वाना जवळजवळ पूर्ण पाल्यावर जगतो. मांसाहारी खाणं सतत दिलं आणि अंगात पाणी कमी पडलं की काही वर्षांत मूत्रपिंडं जातात. "खातो की आवडीने" हा पुरावा धरू नका. आपली पोरंही चिप्स आवडीनेच खातात.

मग द्यायचं काय? जास्वंदीची पानं आणि फुलं, शेवग्याचा पाला, तुतीची पानं, लाल भोपळा, फरसबी. या गोष्टी आपल्याकडे मिळतात आणि चालतात, पण रोज, ताज्या, बारीक चिरून आणि फवारणी नसलेल्या. एकूण हिशेब असा ठेवायचा की खाण्यात फॉस्फरसच्या साधारण दुप्पट कॅल्शियम असावं. घरात माणसांच्या जेवणाचा एवढा हिशेब कुणी ठेवत नाही.

आणि नुसतं खाणं पोटात जाऊन भागत नाही. पाला पचवायला इग्वानाच्या मोठ्या आतड्यात जिवाणू काम करतात, तिथे पाला अक्षरशः आंबवला जातो. त्या कामाला उष्णता लागते. हा थंड रक्ताचा प्राणी, स्वतःची ऊब तयार करत नाही. त्याला बसायला एक जागा ३५ ते ३८ अंशांची हवी, पिंजऱ्याची दुसरी बाजू २६-२८ अंशांची हवी, म्हणजे तो ये-जा करून स्वतःला सांभाळतो. हवेत ओलावा ७० टक्क्यांच्या आसपास हवा. कोकणात आणि मुंबईत ओलावा फुकट मिळतो, हे खरं. पण मालेगाव, औरंगाबाद, जालना, बीड इकडे डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा दहाच्या आसपास येतो आणि हवा कोरडी ठाक. त्यात लाईट गेली तर? इन्व्हर्टरवर पंखा आणि दोन ट्यूब चालतात, इग्वानाचा हीटर चालवायचा की नाही यावर घरात भांडण होणार. थंड पडला की पोटातला पाला तसाच पडून राहतो, आणि त्याचा त्रास दोन-तीन दिवसांनी दिसतो. तोवर आपण लाईट गेली होती हेही विसरलेलो असतो.

बकरी बोलते, इग्वाना बोलत नाही

बकरी ईदच्या आधी आपल्या घरोघरी बकरा येतो. आठ-दहा दिवस पोरं त्याच्याभोवती असतात. तो खात नसेल तर नानीला लगेच कळतं. कान पाडले, रवंथ थांबवला, विष्ठा पातळ झाली की मोहल्ल्यात दहा जण उपाय सांगायला हजर असतात, आणि त्यातले पाच उपाय बरोबर असतात. हे शेकडो वर्षांचं शहाणपण आहे, आपल्याला ते आयतं मिळालंय. मांजराचंही तसंच, कोंबडीचंही तसंच.

इग्वानाबाबत आपल्याकडे काहीच नाही. तो ओरडत नाही, कण्हत नाही. रानात जो आजारी दिसतो तो आधी खाल्ला जातो, म्हणून हा प्राणी आजार लपवतो. आपण ज्याला 'शांत' म्हणतो ती बरेचदा कमजोरी असते किंवा भीती. कुरवाळलं की इग्वाना डोळे मिटतो आणि आपल्याला वाटतं, लाड आवडले. पुष्कळदा त्याचा अर्थ उलटा असतो, हे संपावं असं त्याला वाटत असतं. त्याच्या डोक्याच्या मध्यभागी एक फिकट ठिपका असतो. तो एक प्रकारचा तिसरा डोळा. त्याला आकार दिसत नाही पण वरून पडलेली सावली कळते, कारण रानात वरून येते ती घार किंवा गरुड. पोरं पेटीचं झाकण उघडून वरूनच हात घालतात. रोज, दिवसातून पाच वेळा. त्या जिवाला प्रत्येक वेळी वाटत असणार की आता आपण गेलो.

मोठा झाल्यावर मात्र तो गप्प बसत नाही. शेपटी चाबकासारखी मारतो, तिचा वळ उठतो. दात बारीक पण करवतीसारखे, चावा घेतला तर टाके पडू शकतात. नर वयात आला की वर्षातले काही आठवडे रंग नारिंगीकडे झुकतो, डोकं वरखाली हलवत तो ज्याला त्याला आव्हान देतो. ज्या हाताने वर्षभर खाऊ घातलं त्याच हातावर झडप घालतो. यात त्याचा दोष नाही. मादी असेल तर तिची वेगळी तऱ्हा. नर नसतानाही तिच्या पोटात अंडी होतात, एकावेळी वीस-तीस किंवा त्याहून जास्त. ती घालायला खोल ओलसर वाळू-माती लागते. ती नसेल तर अंडी अडकतात आणि मादी मरू शकते. दुकानात पिल्लू नर आहे की मादी हे सांगता येत नाही, म्हणजे यातलं काय वाट्याला येणार ते घेताना कळतच नाही.

शेपटी धरून कधी उचलू नका, हेही सांगून ठेवतो. ती तुटून हातात येते. पुन्हा उगवते, पण पूर्वीसारखी नाही.

घरात लहान मूल असेल तर

शेरू होता तेव्हा बहिणीच्या घरी दोन वर्षांची धाकटी रांगत, चालत सगळीकडे हात लावायची. आज आठवलं तरी अंगावर काटा येतो. इग्वाना, कासव, साप यांच्या आतड्यात सालमोनेला नावाचे जिवाणू असतात. प्राणी एकदम ठणठणीत दिसतो, पण विष्ठेतून ते जिवाणू पिंजऱ्यात, कातडीवर, फरशीवर येतात. मोठ्यांना जुलाब-ताप होऊन निभावतं. पाच वर्षांखालची मुलं, गरोदर बाई, म्हातारी माणसं, साखरेचे किंवा किडनीचे रुग्ण यांच्यात ते रक्तात पसरू शकतात. अमेरिकेत छोट्या कासवांमुळे मुलं इतकी आजारी पडायला लागली की १९७५ मध्ये चार इंचांहून लहान पाठीची कासवं विकायलाच बंदी आली. पाच वर्षांखालचं मूल असलेल्या घरात सरपटणारा प्राणी ठेवूच नये, असा तिथल्या आरोग्य यंत्रणेचा सल्ला आहे. आपल्या एकत्र कुटुंबात पाच वर्षांखालचं कुणी ना कुणी असतंच. वर पेटी धुवायची कुठे? मोरीत. आणि वजू कुठे करतो, भांडी कुठे घासतो? तिथेच.

पाक-नापाकचा प्रश्न बरेच जण विचारतात. सुक्या प्राण्याला हात लावल्याने वजू तुटत नाही. विष्ठा कपड्याला लागली तर कपडा धुवायला हवा. बाकी बारकावे आपल्या मशिदीतल्या मौलाना साहेबांना विचारा, आम्ही फतवा देणारे नाही. पण हात साबणाने धुणं हे मात्र प्रत्येक वेळी, मसला काहीही असो.

काही जण उलट टोकाला जातात. पाल मारण्याबद्दलची हदीस सांगून म्हणतात, हा पालीचाच भाऊ, याची कसली दया. ती हदीस पालीबद्दलची आहे, आणि इग्वाना पाल नाही. शिवाय तिथेही तळमळवून मारू नका हाच सूर आहे. पैशाने विकत आणून पेटीत ठेवलेला जीव ही तर वेगळीच बाब. मांजरीला बांधून ठेवणाऱ्या बाईची हदीस आपल्याला लहानपणापासून पाठ आहे. तिने स्वतः खायला दिलं नाही आणि सोडलंही नाही की ती जमिनीवरचं काही शोधून खाईल, म्हणून ती बाई जहन्नममध्ये गेली. शेरू गेला त्या रात्री नानीने हीच हदीस काढली. भाचा रडत म्हणाला, "पण नानी, आपण तर रोज खायला देत होतो." नानी गप्प बसली. आम्हालाही उत्तर सुचलं नाही.

प्राणी पाळणंच चुकीचं, असं आम्ही म्हणत नाही. हजरत अनस (रजि.) यांचा धाकटा भाऊ अबू उमैर याच्याकडे एक छोटा पक्षी होता. तो मेला तेव्हा प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांनी त्या मुलाची प्रेमाने विचारपूस केली, ही हदीस प्रसिद्ध आहे. नीट सांभाळ होत असेल तर पक्षी पाळायला हरकत नाही, असा अर्थ आलिमांनी त्यातून घेतला. सगळा भार त्या 'नीट सांभाळ' या शब्दांवर आहे.

कायदा काय म्हणतो

हा भाग दुकानदार सांगत नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. घोरपड, चांदणी कासव, अजगर असे देशी प्राणी घरात ठेवता येत नाहीत. आपल्या गल्लीत पिंजऱ्यात टांगलेला हिरवा मिठ्ठूसुद्धा याच कायद्यात येतो, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. परदेशी प्राण्यांबाबत मात्र बरीच वर्षं ढिलाई होती. २०२० मध्ये केंद्राने असे प्राणी स्वतःहून जाहीर करायची योजना आणली. मग २०२२ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली, ती एप्रिल २०२३ पासून लागू आहे. जे प्राणी आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या साईट्स करारात आहेत ते चौथ्या अनुसूचीत आले, आणि हिरवा इग्वाना त्या करारात आहे. फेब्रुवारी २०२४ च्या नियमांनुसार असा प्राणी बाळगणाऱ्याने त्याची नोंद सरकारच्या 'परिवेश' पोर्टलवर करायला हवी.

म्हणजे दुकानाची पावती पुरेशी नाही. प्राणी नोंदलेला आहे का, विकणाऱ्याकडे कागद आहेत का, ते तुमच्या नावावर होणार का, हे आधी विचारा. "कुणी बघत नाही हो" असं उत्तर आलं तर तिथून निघा. आपल्या पोरांच्या नावावर उगाच वन खात्याची केस कशाला? तशीही आपल्या मोहल्ल्यांकडे बघायची नजर कशी असते, ते आम्ही सांगायला नको.

सोडून देऊ, असं म्हणू नका

जड झाला की लोक म्हणतात, आरेत किंवा एखाद्या डोंगरावर सोडून देऊ, आजाद होईल, सवाब मिळेल. मऊ हाडांचा इग्वाना दोन दिवस टिकणार नाही, कावळे-कुत्री त्याला संपवतील. आणि धडधाकट टिकला तर ते आणखी वाईट. अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यात १९६० च्या दशकापासून पळालेले आणि सोडलेले इग्वाना दिसायला लागले. आज तिथे ते बागा फस्त करतात, कालव्यांच्या काठांत बिळं करून बांधकाम पोखरतात. जानेवारी २०२० मध्ये थंडीची लाट आली तेव्हा मायामीच्या हवामान खात्याने लोकांना सूचना दिली की झाडावरून गारठलेले इग्वाना अंगावर पडू शकतात. लोकांनी त्यावर विनोद केले, पण २०२१ मध्ये राज्याने इग्वाना बंदी घातलेल्या प्राण्यांच्या यादीत टाकला. फ्लोरिडाच्या थंडीत निदान काही तरी मरतात. आपल्या कोकण किनाऱ्यावर तेवढी थंडीही पडत नाही. कान लाल असलेल्या परदेशी कासवांचं उदाहरण समोर आहेच. टाकीत मावेनाशी झाली म्हणून सोडली, आता ती शहरांतल्या तलावांत दिसतात.

मग पोराला खरंच सरपटणाऱ्या प्राण्यांचा शौक असेल तर? परदेशांत नवख्यांना बिअर्डेड ड्रॅगन, लेपर्ड गेको किंवा कॉर्न स्नेक सुचवतात. ते लहान राहतात, जागा कमी लागते. पण त्यांनाही ऊब लागते, त्यातल्या सापाला उंदीर लागतात, आणि कागदपत्रांचा प्रश्न प्रत्येकाच्या बाबतीत विचारावाच लागतो. पहिलं वर्ष पोराला वाचू द्या, ज्याच्याकडे असा प्राणी आहे त्याच्या घरी महिनाभर रोज जाऊन पाला चिरू द्या, पेटी धुवू द्या. बहुतेकांचा शौक तिसऱ्या आठवड्यात उतरतो. उरला तर तो खरा.

ज्यांच्या घरी इग्वाना आधीच आलाय त्यांच्यासाठी चार गोष्टी, कारण हे वाचून घाबरलेले तेच असतील. आज पहिलं काम, अंडं आणि पालक बंद करा, जास्वंद-शेवग्याचा पाला सुरू करा. उद्या सकाळी जाळीच्या पिंजऱ्यात, काचेशिवाय, थेट कोवळ्या उन्हात ठेवा. पिंजऱ्याचा अर्धा भाग सावलीत हवा, शेजारी माणूस बसलेला हवा, कारण कडक उन्हात अडकला तर तो तासाभरात मरू शकतो आणि कावळे-मांजरं टपलेली असतातच. काचेची पेटी उन्हात ठेवू नका, तिची भट्टी होते. यूव्हीबी ट्यूब घ्या आणि तिच्यावर मार्करने तारीख लिहा. दर जुम्म्याला स्वयंपाकघरातल्या नव्हे, वेगळ्या काट्यावर वजन करून वहीत टिपा, वजन घटायला लागलं की ते डोळ्यांआधी वहीत दिसतं. बोटांची थरथर, सुजलेली मांडी, मऊ जबडा यातलं काहीही दिसलं तर थांबू नका, मुंबई-पुण्याच्या डॉक्टरांना आधी फोन करून विचारा की सरपटणारे प्राणी बघता का, आणि मगच निघा. नेताना कापडी पिशवीत, गरम पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून शेजारी ठेवा. लोकलच्या एसी डब्यातून नेऊ नका.